मशीन विकणाऱ्याचं काम कुठे संपतं?

मावशीचा दवाखाना पाटनला आहे. हे जबलपूर जिल्ह्यातलं पाटन, साताऱ्याचं पाटण नव्हे. थंडीत हा सगळा पट्टा मटारावर चालतो. गरोदर बायकाही तोडणीला जातात आणि तपासणीला येतात त्या दिवेलागणीला, हिरव्या नखांनीच, कारण दिवसा आलं तर मजुरी बुडते. जबलपूरचं एल्गिन रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज तासाभराच्या रस्त्यावर. सोनोग्राफीसाठी तिकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, गाडीभाडं गेलं आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी गेली.

माझा धाकटा भाऊ पुण्याला वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत आहे. कुठल्या गावात काय विकायचं, केवढ्याला आणि कुणाला, हे ठरवणाऱ्या टीममध्ये. मोबाइलला जोडता येणारं, खिशात मावणारं सोनोग्राफी यंत्र कंपनीला पाटनसारख्या तालुक्यांत न्यायचं आहे. या वेळी तो माझ्याबरोबर आला तो मावशीला भेटायला कमी आणि पटवायला जास्त. दोघांचं जे बोलणं झालं ते लिहून काढावंसं वाटलं, कारण वैद्यकातल्या नीतीचा विषय निघाला की आपण सगळे डॉक्टरकडे बोट दाखवतो. ज्यांच्या टेबलावर निम्मे निर्णय आधीच होऊन गेलेले असतात, ती माणसं चर्चेत नसतातच.

भावाने सुरुवात आकड्यांनी केली. "मावशी, 2018-20 चे नमुना नोंदणीचे आकडे बघ. लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात 33 आया दगावतात, मध्य प्रदेशात 173. पाचपट! आणि कायदा काय सांगतो? यंत्र नोंदणी झालेल्या जागेबाहेर न्यायचं नाही, नर्सच्या हातात द्यायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून म्हणते आहे की चोविसाव्या आठवड्याच्या आत प्रत्येक गरोदर बाईची एक सोनोग्राफी व्हावी. पाटनच्या बाईने काय घोडं मारलंय?"

"एक सोनोग्राफी व्हायला हवी, कबूल. पण त्या 173 जणी कशाने गेल्या ते सांग."

तो गप्प राहिला तेव्हा मावशीच बोलली. "बाळंतपणात रक्त जाऊन. रक्तदाब चढून झटके येऊन. आधीच हिमोग्लोबिन सात, त्यात अंगावरून जायला लागतं, आणि रक्ताची पिशवी जबलपूरला. तुझं यंत्र काही गोष्टी आधी सांगेल. वार खाली आहे, जुळं आहे, बाळ आडवं आहे. सांगितल्यावर पुढे? रात्री दोन वाजता ऑपरेशन करणारा पाहिजे, भूल देणारा पाहिजे आणि रक्त पाहिजे."

हे तिचं एकटीचं मत नाही. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला या पाच देशांत ग्रामीण केंद्रांवरच्या परिचारिकांसारख्या कर्मचाऱ्यांना शिकवून त्यांच्या हाती सोनोग्राफी देण्याचा मोठा प्रयोग झाला. काही भागांत सोनोग्राफीसह तपासणी, काही भागांत नेहमीची. 2018 मध्ये निष्कर्ष आले. माता किंवा बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नव्हता.

"म्हणजे दोष सोनोग्राफीचा नाही, पुढच्या रुग्णालयाचा," भाऊ म्हणाला.

"अगदी बरोबर. पण तुमच्या सादरीकरणात 173 हा आकडा पहिल्याच पानावर असणार, आणि हे वाक्य कुठेच नसणार."

ते वाक्य खरोखरच नव्हतं, हे त्याने मान्य केलं. मला मावशीचा हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. गेलेल्या बायकांची संख्या दाखवून जे यंत्र विकायचं, ते एकटं त्यांना वाचवू शकत नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर ते न सांगणं ही फसवणूकच आहे. मग यंत्र कितीही चांगलं असो.

मात्र मावशी यंत्राच्या विरोधात नाही. तिने लगेच दुसरी बाजू मांडली. "इथे शेवटच्या पाळीची तारीख कोणी सांगत नाही. 'दिवाळीच्या आधी' किंवा 'पेरणी चालू होती तेव्हा'. आता बाळ चौतीस आठवड्यांचं आहे की अडतीस आठवड्यांचं पण वाढ खुंटलेलं, हे मी कशावरून ठरवू? फुप्फुसं पिकायला स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का, ते त्यावर ठरतं. लवकर एक सोनोग्राफी झाली तर हा घोळ मिटतो. तेवढ्यासाठी मला तुझं यंत्र हवंय."

"मग अडतंय कुठे?"

"अडतंय ते पन्नास वर्षांपासून."

तो इतिहास मराठी वाचकाने विसरू नये असा आहे. 1970च्या दशकाच्या मध्यात दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल तपासणी आली ती जन्मजात दोष शोधायला. थोड्याच वर्षांत ती मुलगी ओळखण्याचा धंदा झाली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमृतसरच्या दवाखान्याची जाहिरात गाजली. आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, असा तिचा आशय. 1986 मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या 50 स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा 42 जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. स्त्री संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले, आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. देशाचा कायदा झाला 1994 मध्ये, लागू झाला 1996 मध्ये. तोवर गर्भजल मागे पडून सोनोग्राफी आली होती. कायदा कागदावरच राहतो आहे हे पाहून 2000 मध्ये सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले.

"त्या खटल्यात न्यायालयाने कुणाला विचारणा केली माहीत आहे?" मावशीने भावाला विचारलं. "डॉक्टरांना तर केलीच, पण यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनाही केली. 2001 मध्ये सांगितलं, गेल्या पाच वर्षांत कुणाकुणाला मशीन विकलं त्याच्या याद्या द्या. तेव्हा कळलं की कित्येक मशीन अशा ठिकाणी होती जिथे नोंदणीच नव्हती. विकताना कोणी विचारलंच नव्हतं."

"आता विचारतो. 2003च्या दुरुस्तीनंतर नोंदणी प्रमाणपत्राशिवाय आम्ही देऊच शकत नाही. गिऱ्हाइकाकडून प्रतिज्ञापत्र घेतो, दर तीन महिन्यांनी विक्रीची यादी सरकारला पाठवतो. आमचं काम तिथे संपतं."

मावशी म्हणाली, "संपतं का?" आणि सगळं बोलणं पुढे या दोन शब्दांभोवतीच फिरलं.

भावाकडे त्याचं उत्तर तयार होतं, आणि ते मराठी मातीतलंच होतं. कोल्हापूर. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 839 मुली होत्या. 2010च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी बसवायला लावली. यंत्रावर जी प्रतिमा उमटेल ती या पेटीत साठते, नंतर पुसता येत नाही. सोबत प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म ऑनलाइन भरायची सक्ती. रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, पेशंटच्या खासगीपणाचा भंग होतो म्हणाली. 2011 मध्ये न्यायालयाने पेटीच्या बाजूने निकाल दिला. प्रतिमा कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, त्या दवाखान्यातल्या यंत्रातच राहतात, हा त्यातला एक आधार होता.

"आणि 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर 863 वर आलं," भाऊ म्हणाला. "त्याच दहा वर्षांत सगळा महाराष्ट्र 913 वरून 894 वर घसरला, बीड 894 वरून 807 वर. म्हणजे तंत्रज्ञानाने केलेलं पाप तंत्रज्ञानानेच धुता येतं. आमच्या यंत्रात ही नोंद आतच असेल. वेळ, जागा, कोणी वापरलं, सगळं."

मावशीने हिशेब मांडला. "2011 ची जनगणना झाली फेब्रुवारीत. तिच्यात सहा वर्षांपर्यंतची मुलं मोजली, म्हणजे 2004 पासून जन्मलेली. पेटी आली 2010 ला. त्यातल्या कितीशा मुली पेटीमुळे वाचल्या असतील? देशमुखांनी धाक बसवला, डॉक्टर मंडळींना बोलावून समोर बसवलं, जिल्हाभर बोलते राहिले, पुढे पुस्तक लिहिलं. हे सगळं चांगलंच. पण तो आकडा पेटीच्या खात्यावर टाकू नकोस. शिवाय पेटीला दिसतं, ऐकू येत नाही. तपासून झाल्यावर डॉक्टर 'जय श्रीकृष्ण' म्हणाला तर मुलगा आणि 'जय माता दी' म्हणाला तर मुलगी, हे काय कुठल्या पेटीत साठणार?"

"पण मावशी, हे उत्तरेकडचं आणि आपल्या साखरपट्ट्यातलं दुखणं. इथे महाकोशलात..."

"मध्य प्रदेश 2001 ला 932 होतं, 2011 ला 918. रस्ता तोच आहे रे, आम्ही मागून चालतोय इतकंच. जिथे यंत्र उशिरा पोचलं तिथे आकडा उशिरा पडला."

मग कायद्याने डॉक्टरांना होणाऱ्या जाचाकडे गाडी वळली, आणि इथे मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं. कायद्यावर चिडली ती मावशी. तिने तिचं रजिस्टर आणून दाखवलं. प्रत्येक गरोदर बाईमागे एक एफ फॉर्म. नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, हयात मुलं किती, त्यांतले मुलगे किती आणि मुली किती, कोणी पाठवलं, किती आठवडे, तपासणी कशासाठी, काय आढळलं. खाली बाईची घोषणा की मला लिंग जाणून घ्यायचं नाही, त्यावर सही किंवा अंगठा. मग डॉक्टरची घोषणा की मी सांगितलेलं नाही. महिन्याची यादी पुढल्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत समुचित प्राधिकाऱ्याकडे. कागद दोन वर्षं जपायचे.

"माझ्या एका मैत्रिणीच्या फॉर्मवर पत्त्याचा रकाना अर्धा राहिला होता. मशीनला सील. बाई सज्जन, लिंगनिदान आयुष्यात कधी केलं नाही. आणि जे करतात त्यांचे फॉर्म मोत्यासारख्या अक्षरात भरलेले असतात." एवढं बोलूनही, 2019 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा चुका गुन्ह्यातून वगळा म्हणून केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, ते तिला योग्यच वाटतं. "कारण या गुन्ह्यात फिर्यादीच नसतो. बाई तक्रार करत नाही, नवरा करत नाही, डॉक्टर करत नाही. जिच्यावर अन्याय झाला ती जन्मालाच आलेली नाही. कागदाशिवाय पकडणार कशाने?"

भावाला हा पेच कळला. त्याने विचारलं, "मग तुझ्या मते चुकतं कुठे? वाईट माणसं सगळीकडे असतात."

"वाईट माणसाचं सोड. चांगल्या माणसाचं सांगते. नवा डॉक्टर तालुक्याला येतो. तुमचा माणूस त्याला मशीन देतो, कर्ज करून देतो. समज, महिन्याचा हप्ता पंचवीस हजार, आणि एका तपासणीचे पाचशे. म्हणजे पन्नास बायका नुसत्या हप्त्यासाठी. जागेचं भाडं, नर्सचा पगार वेगळा. आता ज्या बाईला गरज नाही तिलाही तो सोनोग्राफी सांगणार. आशाताईने पेशंट आणली तर तिच्या हातावर काही ठेवणार. आणि एखाद्या महिन्यात पन्नासाच्या पस्तीसच झाल्या, आणि समोर एक सासू दहा हजार घेऊन बसली, तर? नीतीची परीक्षा तू त्याची त्या संध्याकाळी घेतोस. पेपर मात्र तुम्ही सहा महिने आधी पुण्यात काढलेला असतो."

या वाक्यानंतर भाऊ बराच वेळ बोलला नाही. मला महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर आठवले. पेशंट पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राने पाठवलेला 1,200 रुपयांचा धनादेश त्यांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर नाव झालेला माणूस होता तो. त्याच्या पाठीशी कीर्ती होती, अनुभव होता. महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला, कायदा काही झाला नाही. कर्जाच्या हप्त्याखाली असलेल्या तिशीतल्या डॉक्टरने बावसकरांसारखं वागावं अशी अपेक्षा जरूर ठेवावी, पण त्या अपेक्षेवर विक्रीचं धोरण उभारू नये.

"बरं," भाऊ शेवटी म्हणाला, "एक वेगळं यंत्र आहे. त्यात चित्रच दिसत नाही." आणि त्याने बॅगेतून नमुना काढला. दाढीच्या ट्रिमरएवढा प्रोब. मावशीच्या टेबलावरच्या उशीवर त्याने तो फिरवून दाखवला. खालून वर सरळ तीन पट्टे, मग डावीकडून उजवीकडे आडवे पट्टे, ठरलेल्या वेगाने. नर्सने फक्त हात फिरवायचा, काही ओळखायचं नाही. सॉफ्टवेअर आतल्या आत प्रतिमा वाचतं आणि पडद्यावर एवढंच येतं: अमुक आठवडे. झांबिया आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात या पद्धतीवर काम झालं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आठवड्यांचा अंदाज तज्ज्ञाच्या मोजमापाच्या तोडीचा निघाला.

मावशीचे डोळे चमकले. "हे का नाही विकत तुम्ही?"

"कोण घेणार? डॉक्टरला चित्र हवं. वार, पाणी, बाळाचं हृदय, हे सगळं त्याला बघायचंय. आणि चित्र दाखवणारं मशीन त्याच किमतीत मिळत असेल तर आंधळं कोण घेईल? नर्सला देऊ म्हटलं तर कायदा आडवा. लिंग कळण्याची क्षमता असलेलं कुठलंही यंत्र कायद्यात येतं. आमचं लिंग सांगत नाही हे सरकारला पटवायला वर्षं जातील. तोवर कंपनीने काय खायचं?"

"चित्र पुसलेलं आहे की नुसतं लपवलेलं?"

"सध्याच्या नमुन्यात लपवलेलं. सॉफ्टवेअर बदललं तर दिसेल."

"मग ते आंधळं नाही. डोळे मिटून बसलेलं आहे."

इथे मी मधे पडले. मला एक गोष्ट खुपत होती. बाई पाच महिन्यांची पोटुशी. तिच्या पोटातलं बाळ, तिचं शरीर, आणि तिलाच ते हलताना दाखवायचं नाही असं यंत्र आपण कौतुकाने बनवणार? 2016 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधींनी उलटी सूचना केली होती: प्रत्येक गर्भाचं लिंग तपासून नोंदवा आणि मग ती मुलगी जन्मते का ते पाहा. म्हणजे एका टोकाला बाईला काही दाखवायचं नाही, दुसऱ्या टोकाला नऊ महिने तिच्यावर पहारा. दोन्हीकडे संशय तिच्यावरच.

मावशीने हे खोडलं नाही. "खरं आहे. पण माझ्यासमोर जी बाई बसते तिला 'मुलगी आहे' हे कळण्याचा हक्क दिला, तर तो हक्क तिच्याकडे रात्रभरही राहत नाही. घरी गेल्यावर तो सासरचा होतो. माझ्या दवाखान्यात हलतं बाळ मी दाखवते, हृदयाचे ठोके ऐकवते. ते दाखवायला मी समोर असते. गावोगाव यंत्र गेलं की तिथे कोण असेल ते मला माहीत नाही."

मला हे पूर्ण पटलेलं नाही. या घडीला दुसरा मार्ग मला सुचत नाही, एवढंच मी म्हणू शकते.

भावाने शेवटचा आणि त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा काढला. आता आईच्या रक्ताच्या एका नळीतून, दहाव्या आठवड्यापासून बाळाची गुणसूत्रं वाचता येतात. डाउन सिंड्रोमसारखे दोष शोधायला ही तपासणी आहे, पण लिंगही त्यात कळतंच. मशीन नको, प्रोब नको, पाटनहून नळी कुरिअरने जाईल. "तुम्ही मशीनला कुलपं घालत बसाल मावशी, आणि धंदा नळीवर गेलेला असेल. गर्भजलाकडून सोनोग्राफीकडे गेला तसाच."

"म्हणूनच तर तुला धरून बसलेय! कायदा नेहमी एक यंत्र मागे असतो. पुढच्या यंत्रात काय असेल हे आज फक्त तुम्हाला माहीत आहे. ते यंत्र विकायचं कसं, त्याचे पैसे कसे वसूल करायचे, त्यात काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे ठरवताना कायद्याची वाट बघणार की आधीच शहाणे होणार?"

रात्री जेवणानंतर भावाने लॅपटॉप उघडला आणि आम्ही तिघं बसलो. पाटनसारख्या ठिकाणी विक्रीच्या अटी काय असाव्यात याचं टिपण झालं. डॉक्टरला हप्त्याने यंत्र द्यायचं नाही; सरकारी केंद्राने ठरावीक वार्षिक भाड्याने घ्यावं, तपासण्या दहा होवोत की पाचशे. प्रतिमा यंत्रात तयार होताच मोजमाप काढून नष्ट व्हाव्यात, नुसत्या लपवू नयेत. विक्री करणाऱ्याचं कमिशन यंत्रांच्या संख्येवर नसावं. या तिसऱ्या अटीवर दोघांची पुन्हा जुंपली, कारण भावाच्या स्वतःच्या पगाराचा एक भाग त्याच संख्येवर ठरतो.

मग मावशीने चौथी अट घातली. ज्या तालुक्यात रक्त साठवायची सोय नाही तिथे 173 चा आकडा दाखवून यंत्र विकायचं नाही.

"रक्ताचे फ्रिज आमची कंपनी बनवत नाही," भाऊ म्हणाला.

"मग जे बनवतात त्यांना बरोबर घेऊन ये."

त्याने तेही लिहून घेतलं. वरिष्ठांपुढे चारांतल्या दोन अटी टिकतील असं त्याला वाटतं, आणि चौथी त्यांत नाही. मला वाटतं त्याने चौथीच सगळ्यात आधी मांडावी, नाही म्हणाले तर कोण नाही म्हणालं ते कागदावर घ्यावं, आणि त्यापायी बढती गेली तर जाऊ द्यावी. हे मी त्याला परतीच्या गाडीत सांगितलं आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.